मागच्या रांगेला दिसतंय का? मोबाईल-टॅबवरून प्रेझेंटेशन आणि खुणा केलेले स्क्रीनशॉट

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे त्या महिन्यातल्या रविवारी नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ, कुठेही जा. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, समोर ४३ इंची टीव्ही असतो आणि खजिनदार काका मोबाईलवरून जमाखर्च दाखवत असतात. टीव्हीच्या मधोमध एक उभी अरुंद पट्टी, दोन्ही बाजूंना काळोख, आणि पट्टीत एक्सेलची बारीक अक्षरं. मागून कुणीतरी ओरडतं, "काका, फोन आडवा करा." काका फोन आडवा करतात, पण चित्र उभंच राहतं, कारण ऑटो-रोटेट बंद असतं. मग टाकीच्या गळतीचा विषय बाजूला राहतो आणि सगळी सभा फोनची सेटिंग शोधायला लागते.

त्या काळोखामागचं गणित सोपं आहे. आजच्या बहुतेक फोनचा पडदा २०:९ या प्रमाणात लांबुडका असतो आणि टीव्ही १६:९ असतो. फोन उभा धरला की त्याची सगळी उंची टीव्हीच्या उंचीत बसवावी लागते. मग रुंदीला टीव्हीचा जेमतेम चौथा हिस्सा वापरला जातो. म्हणजे सोसायटीने पैसे ४३ इंचांचे मोजले आणि पाव भागावर काम भागवलं. फोन आडवा केला की हा प्रश्न बराचसा सुटतो. टॅबला तर तो फारसा येतच नाही. बहुतेक अँड्रॉईड टॅब १६:१० च्या आसपास असतात, आयपॅड ४:३ च्या जवळ. शाळांमधले जुने प्रोजेक्टरही १०२४ × ७६८ म्हणजे ४:३ चेच असतात, त्यामुळे आयपॅड आणि जुना प्रोजेक्टर यांचं चांगलं जमतं.

पण आकार जमला म्हणजे दाखवणं जमलं असं नाही. लॅपटॉपवर बनवलेली चाळीस स्लाईडची पीपीटी टॅबवर उघडून पुढे-पुढे सरकवायची असेल, तर लॅपटॉपच बरा. मोबाईल आणि टॅबचं बळ वेगळं आहे. समोरच्या वस्तूचा फोटो काढता येतो, पडद्यावर जे दिसतंय ते टिपता येतं, त्यावर तिथल्या तिथे गोल करता येतो आणि "हे बघा, इथे" असं म्हणता येतं. प्रेझेंटेशन असो की व्हॉट्सॲपवर पाठवलेला बाण मारलेला स्क्रीनशॉट, काम एकच असतं: बघणाऱ्याची नजर नेमक्या जागी न्यायची. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी जोडणी

सगळ्यात खात्रीचा मार्ग वायरचा. पण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण टाईप-सीचं भोक सगळ्या फोनना सारखंच दिसतं, आत मात्र फरक असतो. काही फोनमध्ये त्या भोकातून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो. काहींमध्ये चित्रही जातं. या सोयीला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' म्हणतात. ती फोनच्या हार्डवेअरमध्येच असावी लागते. ॲप टाकून किंवा महागडी केबल घेऊन ती येत नाही. सॅमसंगच्या एस मालिकेत ती २०१७ च्या एस-८ पासून आहे. आयफोनला टाईप-सी आलं ते २०२३ च्या आयफोन १५ पासून आणि त्या मालिकेतल्या सगळ्या मॉडेलमध्ये चित्र बाहेर काढता येतं. आयफोन १४ आणि त्याआधीच्यांना लाइटनिंगचा वेगळा ॲडॅप्टर लागतो. स्वस्तातल्या अँड्रॉईड फोनमध्ये मात्र ही सोय सहसा नसते. 'टाईप-सी टू एचडीएमआय' केबल घेण्याआधी आपल्या मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' असा शब्द आहे का, ते बघून घ्या. नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, केबल घेऊ नका.

वायर घेणारच असाल तर नुसत्या केबलपेक्षा छोटा हब घ्या. त्यात एचडीएमआयबरोबर चार्जरसाठीही जागा असते. फोनला भोक एकच, ते केबलने अडवलं की चार्जिंग बंद, आणि पडदा तासभर पूर्ण उजेडावर चालू म्हटल्यावर बॅटरी भराभर उतरते. शाळेत किंवा जुन्या हॉलमध्ये जायचं असेल तर एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टरही पिशवीत टाका. प्रोजेक्टरच्या मागे निळी, पंधरा पिनांची जागा दिसली की ते व्हीजीए. त्यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. व्हिडिओ दाखवायचा असेल तर स्पीकरची सोय वेगळी करावी लागेल.

बिनवायरच्या जोडणीत तीन भाषा आहेत आणि त्या एकमेकींना समजत नाहीत. पहिली मिराकास्ट. वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये आणलेलं हे तंत्र फोन आणि टीव्ही यांना थेट जोडतं, मध्ये राउटर किंवा इंटरनेट लागत नाही. सॅमसंगमध्ये त्याचं नाव 'स्मार्ट व्ह्यू', इतर कंपन्यांत 'कास्ट', 'वायरलेस डिस्प्ले', 'स्क्रीन मिररिंग' अशी वेगवेगळी नावं. दुसरी गूगलची 'कास्ट'. क्रोमकास्टचं डोंगल किंवा गूगल टीव्ही असलेले टीव्ही ही भाषा बोलतात, पण त्यासाठी फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात. तिसरी ॲपलची एअरप्ले, आयफोन-आयपॅडसाठी. २०१९ पासून काही सॅमसंग, एलजी आणि सोनी टीव्हींमध्येही ती मिळते. गूगलच्या पिक्सेल फोनला मिराकास्ट येत नाही. आयफोनला मिराकास्टही येत नाही आणि वेगळं ॲप न टाकता अख्खा पडदा क्रोमकास्टवर टाकताही येत नाही. यूट्यूबसारखी काही ॲप तेवढी आपापला व्हिडिओ पाठवतात. म्हणून हॉल बघायला जाल तेव्हा "टीव्ही स्मार्ट आहे ना?" एवढं विचारून भागत नाही. टीव्ही कुठल्या कंपनीचा आणि त्यात काय चालतं, हे विचारा. त्याहून उत्तम म्हणजे आपलाच फोन नेऊन एकदा जोडून बघा.

आता एक अडचण, जी भल्याभल्यांना कळत नाही. घरी सगळं सुरळीत चालतं आणि हॉटेलच्या किंवा ऑफिसच्या वाय-फायवर फोनला टीव्ही दिसतच नाही. दोन्ही एकाच नेटवर्कवर असतात, पासवर्डही बरोबर असतो. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर बहुतेक ठिकाणी एक बंदोबस्त केलेला असतो: प्रत्येक उपकरणाला इंटरनेट मिळतं, पण शेजारचं उपकरण दिसत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाने तुमच्या लॅपटॉपमध्ये डोकावू नये म्हणून ते ठीकच आहे, पण कास्टिंग त्यामुळे मरतं. उपाय म्हणजे दुसऱ्या कुणाच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि आपला फोन नि टीव्ही दोन्ही त्यावर घ्यायचे. ज्या फोनवरून दाखवायचं त्याचाच हॉटस्पॉट करू नका. कधी चालतं, कधी नाही, आणि नेमकं सभेतच चालत नाही.

प्रोजेक्टरला आधीच एक विंडोजचा लॅपटॉप जोडलेला असेल तर आणखी दोन वाटा आहेत. विंडोज १० आणि ११ मध्ये 'वायरलेस डिस्प्ले' नावाची जादा सोय टाकता येते. ती टाकली की लॅपटॉपच मिराकास्टचा टीव्ही बनतो. दुसरी वाट जुगाडाची, पण भरवशाची. लॅपटॉपवर एक गूगल मीट किंवा झूम चालू करा, फोनवरून त्याच मीटिंगमध्ये या आणि फोनचा पडदा शेअर करा. चित्र क्षणभर उशिरा पोचतं, बाकी काही बिघडत नाही. फक्त दोन्हींपैकी एकाचा माईक आणि स्पीकर बंद ठेवा, नाहीतर हॉलभर किंचाळी घुमते.

वाचता येतंय की नाही, याची घरबसल्या परीक्षा

जोडणी झाली. आता मागच्या रांगेतल्या काकूंना अक्षर वाचता येईल का? हे आदल्या रात्री घरीच कळू शकतं. टॅबचं माप इंचांत घ्या, त्याला टीव्हीच्या मापाने भागा आणि हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंतच्या अंतराने गुणा. १० इंची टॅब, ४३ इंची टीव्ही आणि शेवटची खुर्ची २० फुटांवर असेल तर उत्तर येतं साधारण साडेचार फूट. टॅबवर स्लाईड पूर्ण पडद्याला उघडा, टॅब टेबलावर उभा करा आणि साडेचार फूट मागे जाऊन बसा. तुम्हाला आत्ता जे दिसतंय, तेच उद्या मागच्या खुर्चीला दिसणार. फोनवर हीच परीक्षा घ्यायची तर अंतर अडीच फुटांवर येतं, कारण लांबुडक्या पडद्यावर स्लाईड आणखी लहान दिसते. घरातल्या ज्येष्ठ माणसाला त्या अंतरावर बसवून वाचायला सांगितलंत तर निकाल जास्त खरा लागेल. आपल्याला मजकूर पाठ असतो, म्हणून तो वाचता आल्यासारखा वाटतो.

या परीक्षेत एक्सेल दर वेळी नापास होतं. अख्खा ताळेबंद पडद्यावर टाकून "इथे बघा, साठ नंबरची ओळ" म्हणण्यात अर्थ नाही. ज्या चार ओळींवर वाद होणार आहे त्यांचाच स्क्रीनशॉट घ्या, बाकीचं कापून टाका, लिफ्टच्या दुरुस्तीचा आकडा गोल करा आणि ते एकच चित्र पूर्ण पडद्यावर दाखवा. पूर्ण ताळेबंद छापील प्रतीत हातात द्या. कागदावर बारीक अक्षर चालतं, भिंतीवर चालत नाही.

मराठी मजकुराची एक खास गोची आहे. आपल्याकडे अजूनही कित्येक कार्यालयांत आणि छापखान्यांत श्रीलिपी, शिवाजी, आयएसएम असल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन होतं. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराचा आकार रोमन अक्षराच्या घरात बसवलेला असतो. म्हणजे फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्या संगणकावर तो फॉन्ट असल्यामुळे ती मराठी दिसतात. तीच फाईल मोबाईलवर उघडली की फॉन्ट सापडत नाही आणि कीबोर्डवरून मांजर चालून गेल्यासारखा रोमन अक्षरांचा ढीग समोर येतो. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक पद्धतीत असं होत नाही, कारण तिथे देवनागरीला स्वतःची १२८ घरं दिलेली आहेत. मंगल, निर्मला, मुक्ता, नोटो हे सगळे त्याच घरांतले फॉन्ट, त्यामुळे एक नसला तर दुसरा लागतो आणि मजकूर वाचता येतो. (फोनवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात, एवढी बोच मात्र राहते.) जुन्या फॉन्टमधली फाईल वापरायचीच असेल तर ज्या संगणकावर ती बनली तिथेच तिची पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबतच बांधून येतात. खरं तर पीपीटी कशीही असो, तिची एक पीडीएफ फोनमध्येच, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगल ड्राईव्हवर नव्हे, उतरवून ठेवावी. हॉलमध्ये रेंज नसली तर ड्राईव्हवरची फाईल असून नसल्यासारखी.

पडद्यावर लिहिताना

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या क्लासमध्ये सर टॅबवर गणित सोडवतात आणि मागे पडद्यावर ते उमटत जातं, तेव्हा मुलं मान वर करून बघतात. तयार उत्तर दाखवलं की तीच मुलं नुसती उतरवून घेतात. टॅबवर हाताने लिहिण्याचा खरा फायदा हाच, की विचार ज्या क्रमाने चालतो त्याच क्रमाने तो पडद्यावर येतो.

त्यासाठी पेन बघून घ्या. रबरी टोकाचे स्वस्त पेन कुठल्याही पडद्यावर चालतात, कारण पडद्याच्या दृष्टीने ते नुसतं बोट असतं. पण टोक जाड, आणि तळहात टेकला तरी रेघ उमटते. सॅमसंगचं एस पेन किंवा ॲपल पेन्सिल पडद्याला वेगळी ओळखू येतात, त्यामुळे हात टेकवून वहीत लिहितो तसं लिहिता येतं. एस पेनला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही, ॲपल पेन्सिलला लागतं. शिवाय ॲपल पेन्सिलचे अनेक प्रकार आहेत आणि कुठलीही पेन्सिल कुठल्याही आयपॅडला चालत नाही. मॉडेल जुळवूनच घ्या. नुसतं गोल करायचं आणि बाण मारायचा असेल तर यातलं काहीच नको, बोट पुरे.

पॉवरपॉईंटच्या मोबाईल ॲपमध्ये स्लाईड शो चालू असतानाच पेनचं चिन्ह दाबून स्लाईडवर लिहिता येतं. बाहेरचा पडदा जोडलेला असला की पॉवरपॉईंट आणि ॲपलच्या कीनोटमध्ये फोनवर तुमची टिपणं आणि पुढची स्लाईड दिसते, लोकांना फक्त चालू स्लाईड. रेघ जाड ठेवा. टॅबवर जी रेघ ठसठशीत वाटते ती प्रोजेक्टरवर, खिडकीतून ऊन येत असताना, दिसेनाशी होते. आणि लिहिताना बोलणं थांबवा. लोक एका वेळी एकच करतात, वाचतात तरी किंवा ऐकतात तरी.

एखादं ॲप कसं वापरायचं ते शिकवत असाल, समजा ज्येष्ठ नागरिक संघात यूपीआय, तर अँड्रॉईडच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'शो टॅप्स' चालू करा. बोट जिथे टेकेल तिथे पडद्यावर एक ठिपका उमटतो. तो नसला तर लोकांना पडदे आपोआप बदलल्यासारखे वाटतात, तुम्ही कुठे दाबलंत हे कळतच नाही. फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरमध्येही हीच सोय बहुधा असते.

स्क्रीनशॉट: एक चित्र, एक बाण

स्क्रीनशॉट घेणं सगळ्यांना येतं. अँड्रॉईडवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र, बिनहोम-बटणाच्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवण्याचं बटण एकत्र. लांबलचक पान असेल तर अँड्रॉईड १२ पासून पान सरकवत एकच उंच चित्र घेता येतं. आयफोनवर सफारीतलं अख्खं पान पीडीएफ म्हणून ठेवता येतं. बँकांच्या ॲपमध्ये बहुधा स्क्रीनशॉट येत नाही किंवा काळं चित्र येतं. ॲप बनवणाऱ्यांनीच ती खिडकी सुरक्षित म्हणून बंद केलेली असते, आणि मिररिंगमध्येही, म्हणजे फोनचा पडदा टीव्हीवर टाकतानाही, ती काळीच दिसते. फोन बिघडलेला नाही. त्यावर दुसऱ्या फोनने फोटो काढायची शक्कल लढवू नका, त्या बंदीला कारण आहे.

कौशल्य असतं ते स्क्रीनशॉट घेतल्यानंतर. गावी राहणाऱ्या आत्याला महावितरणचं बिल ऑनलाईन भरायचंय आणि तिला बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक सापडत नाहीये, असं समजा. बरेचजण अख्ख्या बिलाचा फोटो काढतात, त्यावर लाल बाण मारतात आणि पाठवून देतात. आत्या बिलभर नजर फिरवत बसते. आधी कापा. बिलाचा वरचा भाग तेवढा ठेवा, म्हणजे हा भाग कागदावर कुठे आहे ते कळेल, पण खालचे तक्ते जातील. मग झाकायचं ते झाका. आणि शेवटी खूण करा, कारण आधी बाण मारून मग कापलं तर बाणाची शेपटी तेवढी उरते. बाणाचं टोक आकड्यावर नको, आकड्याच्या कडेला हवं. नाहीतर वाचायचा आकडाच झाकला जातो. बाणाला बाहेरून आत येऊ द्या, मोकळ्या जागेतून. खाली दोन शब्द लिहा: "आत्या, हा नंबर." पुरे.

पायऱ्या एकाहून जास्त असतील तर एकाच चित्रात सहा बाण मारू नका. प्रत्येक पायरीला वेगळं चित्र आणि कोपऱ्यात ठळक १, २, ३. व्हॉट्सॲपवर चित्रांचा क्रम कधी मागेपुढे होतो, चार चित्रं एकत्र चौकोनात बसतात. आकडे असले की घोळ होत नाही. आणि रंगाबद्दल: लाल रंग सगळ्यांच्या हाताशी असतो, पण लाल-केशरी ॲपवर तो हरवतो. शिवाय काही लोकांना, त्यात पुरुष जास्त, लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. "हिरवं ते बरोबर, लाल ते चूक" असं रंगावर सोडू नका, बरोबरची खूण आणि फुली वापरा. गडद चित्रावर पिवळा, उजळ चित्रावर गडद निळा किंवा लाल, एवढं पाळलं तरी निभतं.

हीच शिस्त कारखान्यात जास्त कामाची. रबाळे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून चाकणच्या कस्टमरला जॉबचा, म्हणजे बनवलेल्या भागाचा, फोटो जातो: "कडेला बर राहिलाय, चालेल का?" नुसता फोटो पाहून समोरच्याला कळत नाही की बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धातूची खरखरीत धार, कुठल्या कडेला आणि केवढा. जॉबशेजारी मापाचं व्हर्नियर किंवा स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढला, त्या कडेला गोल केला, बाजूला ड्रॉईंगमधल्या त्याच मापाचा तुकडा कापून जोडला, तर फोनवर वीस मिनिटं बोलायची गरज उरत नाही. खुणेशिवायचा मूळ फोटोही जपून ठेवा. उद्या वाद झाला तर गोलाखाली काय होतं हे दाखवता आलं पाहिजे.

चित्र धूसर पोचतं याचं कारण बहुतेकदा फोनचा कॅमेरा नसून पाठवण्याची पद्धत असते. स्क्रीनशॉट सहसा पीएनजी प्रकारात साठतो, त्यात प्रत्येक ठिपका जसाच्या तसा राहतो. जेपीईजी हा प्रकार फोटोंसाठी बनलेला. जागा वाचवण्यासाठी तो बारीक तपशील गाळतो, आणि त्यामुळे अक्षरांच्या कडेला धुरकट डाग पडतात. देवनागरीतल्या मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांवर त्याचा पहिला घाला पडतो. व्हॉट्सॲप चित्र पाठवताना ते दाबून लहान करतं. २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायातही थोडं दाबतंच. जसंच्या तसं पाठवायचं तर चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

झाकलंय असं वाटतं, पण झाकलेलं नसतं

माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त बेफिकिरी इथे होते. फोनवरच्या हायलायटरने चार-पाचदा घासून आधार क्रमांक काळा केला की लोकांना वाटतं, काम झालं. हायलायटरची शाई अर्धपारदर्शक असते. तेच चित्र कुठल्याही फोटो ॲपमध्ये उघडून उजेड आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवला की खालचे आकडे पुन्हा वर येऊ शकतात. धूसर करणंही आकड्यांसाठी पुरेसं नाही. दहाच अंक असतात, त्यामुळे धूसर आकारावरून अंदाज बांधता येतो. भरीव चौकोन टाका, पूर्ण अपारदर्शक. आधारच्या बाबतीत तर आधार देणारी संस्था यूआयडीएआय स्वतःच 'मास्क्ड आधार' देतं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तेच पाठवा.

कापलेला भागही कधी कधी गेलेला नसतो. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की पिक्सेल फोनच्या 'मार्कअप' या खुणा करण्याच्या सोयीत एक दोष होता. कापलेलं चित्र जुन्याच फाईलवर लिहिलं जाई, पण जुन्या फाईलची उरलेली शेपटी पुसली जात नसे. त्या शेपटीतून मूळ चित्राचा काही भाग परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण आधी पाठवलेली चित्रं जिथे गेली तिथे तशीच राहिली. आयफोनवर फोटोंमधला बदल केव्हाही मागे घेता येतो, ही सोयच आहे. मात्र एअरड्रॉपने, म्हणजे जवळच्या ॲपल उपकरणावर थेट, पाठवताना 'ऑल फोटोज डेटा' चालू असेल तर बदलांचा इतिहासही सोबत जातो.

साधा उपाय असा: कापून, झाकून, खुणा करून झालं की ते चित्र पूर्ण पडद्यावर उघडा आणि त्याचाच पुन्हा एक स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवा. नव्या चित्रात फक्त जे दिसतं तेच असतं, खाली काही दडलेलं नसतं. पीडीएफला हे आणखी लागू. पीडीएफमधल्या मजकुरावर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येऊ शकतो. सोसायटीच्या ग्रुपवर यूपीआयच्या पावत्या आणि थकबाकीदारांच्या याद्या ज्या सैलपणे फिरतात ते बघता, हा अर्ध्या मिनिटाचा व्याप करायलाच हवा.

पडदा चालू असताना

फोन टीव्हीला जोडला की तुमच्याकडे येणारं सगळं सगळ्यांना दिसतं. 'डू नॉट डिस्टर्ब' लावाच, पण ते फोन वाजणं थांबवतं. पडद्यावर पट्टी उमटणं थांबतं की नाही ते सेटिंगवर अवलंबून असतं, तेव्हा ते आधी तपासा. आयफोनवर पडदा शेअर करताना नोटिफिकेशन मुळात दाखवले जात नाहीत, तुम्ही मुद्दाम चालू केले नसतील तर. अँड्रॉईड १५ मध्ये पडदा शेअर होत असताना ओटीपीसारखे मजकूर झाकले जातात. त्याआधीच्या फोनवर ओटीपी ठसठशीत दिसतो. शक्य असेल तर दाखवण्यासाठी वेगळा टॅब ठेवा, ज्यात सिमही नाही आणि व्हॉट्सॲपही नाही. घरातला मुलांचा जुना टॅब यासाठी फार उपयोगी.

हेच दुसऱ्या बाजूनेही. २०२३ पासून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये पडदा शेअर करता येतो आणि लांबच्या आईवडिलांना ॲप शिकवायला त्यासारखी सोय नाही. पण हीच सोय भामटे वापरतात. पडदा दाखवायला सांगणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन सावध केलं होतं. आईला सांगून ठेवा की पडदा दाखवायचा तो फक्त तिने स्वतः केलेल्या कॉलवर. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर नाहीच.

भाषण संपलं की लोक भोवती जमतात आणि कुणीतरी म्हणतं, "ते फोटो ग्रुपवर टाका ना, दादा." दादा तिथेच व्हॉट्सॲप उघडतात. मिररिंग चालूच असतं आणि सगळ्या चॅटची यादी पन्नास माणसांसमोर भिंतीवर येते. म्हणून आधी जोडणी तोडायची, मग फोटो टाकायचे. हॉलच्या लॅपटॉपवर तुमचं मेल किंवा ड्राईव्ह उघडलं असेल तर त्यातून लॉग-आउट करा, डाउनलोडमध्ये उतरलेली फाईल काढा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. हबही प्रोजेक्टरच्या मागे लटकत राहतो, तोही काढून घ्या.